कलेचा इतिहास शिकून पोरांना माणूस कसा कळणार?

तुम्ही विचारलंय की मुलगी बारावीनंतर कलेचा इतिहास घ्यायचा म्हणतेय, पण जुन्या मूर्तींच्या सनावळ्या पाठ करून तिला माणसं काय कळणार? नुसत्या सनावळ्या केल्या तर काहीच नाही कळणार, हे खरंय.

मी नाशिकचीच, कॉलेजच्या पोरांना पांडवलेण्यांवर नेत असते. पायऱ्या चढेपर्यंत सेल्फी, रील सगळं चालू असतं, चालू दे. मग तीन नंबरच्या लेण्यासमोर थांबवते. तिथे व्हरांड्याच्या खाली सहा यक्ष आहेत, जमिनीतून अर्धे वर आलेले आणि सगळा भार खांद्यावर घेतलेले, ते जरा वेळ बघितले की कोणीतरी विचारतंच, मॅडम हे एवढं करून कोणी घेतलं? व्हरांड्यातल्या भिंतीवर ब्राह्मीत लिहिलंय. गौतमी बलश्री, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी तिने हे लेणं भिक्षूंना दिलं, तोवर मुलगा गेलेला होता. लेखात त्याचे पराक्रम आहेत, शक, यवन, पल्हवांना संपवलं वगैरे, आणि त्यातच मध्ये, आईची अखंड सेवा करणारा, असंही आहे. इथे पोरं गप्प होतात, कारण परीक्षेत सातकर्णी फक्त राजा असतो, कोणाचा मुलगा नसतो.

मग मी त्यांना मोबाईलवर केथे कोलवित्झ या जर्मन बाईचं शिल्प दाखवते. तिचा पीटर १९१४ मध्ये लढाईत गेला, १८ वर्षांचा, आणि त्याला जाऊ द्या म्हणून नवऱ्याला तिनेच समजावलं होतं. १९३२ साली बेल्जियममधल्या सैनिकांच्या दफनभूमीत तिचं काम बसलं, गुडघ्यांवर बसलेले आईबाप, चेहरे तिचा आणि नवऱ्याचा. मुलगा त्यात नाहीच. बलश्रीने मुलाचे विजय कोरून घेतले, हिने एकही नाही. असं का, यावर पोरं जे बोलतात ना, ते ऐकायला तुम्ही हवे होता, कोणी घरातल्या आजीबद्दल बोलतं, कोणी फौजेतल्या भावाबद्दल. दुसऱ्याचं दुःख आपल्यासारखंही असतं आणि वेगळंही, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

मला मनापासून वाटतं मुलीला घेऊ द्या विषय. आधी एकदा तिच्यासोबत लेण्यांवर जा, लेखांचं मराठी भाषांतर शोधून बरोबर ठेवा, आणि दहा नंबरचं चुकवू नका, तिथे उषवदाताने, म्हणजे शक राजा नहपानाच्या जावयाने, गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, पैसे व्याजाने ठेवलेत, भिक्षूंच्या कपड्यांचा खर्च निघावा म्हणून, व्याजाच्या दरासकट कोरलंय सगळं.