स्पॅनिश शिकून 'वंश आणि सिनेमा' या विषयात प्राध्यापक होता येते का?

होता येते. इसाबेल सान्ताओलाया यांनी लंडनच्या रोहॅम्प्टन विद्यापीठात अध्यापन केले आणि स्पॅनिश सिनेमातील वंशाच्या चित्रणावरचा त्यांचा ग्रंथ २००५ साली आला. अमेरिकेतील व्हासार कॉलेजच्या एव्हा वुड्स पेइरो यांनी संगीतपटांतील जिप्सी नायिकांवर लिहिलेला ग्रंथ २०१२चा आहे.

तुमचे सर म्हणतात की स्पेनमध्ये वंशाचा प्रश्नच नाही, तो अमेरिकेचा विषय. एम.ए.ला असताना हेच वाक्य मी माझ्या मार्गदर्शकांकडून ऐकले. माझ्या प्रबंधिकेच्या आराखड्यात १९३६चा 'मोरेना क्लारा' हा स्पॅनिश चित्रपट होता. त्यात चोरीच्या खटल्यात सापडलेल्या हितानो, म्हणजे स्पेनमधील रोमा समाजाच्या, तरुणीवर सरकारी वकील अखेर भाळतो. भूमिका केली ती मात्र ब्युनोस आयर्सला जन्मलेल्या, हितानो नसलेल्या इम्पेरिओ आर्हेन्तिनाने. पडद्यावर हितानो मुलगी लाडकी आणि तिची भूमिका दुसरीला, एवढेच मला मांडायचे होते. माझ्या सरांनी पहिल्या पानावरील 'वंश' या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि समासात 'लोककला' असे लिहून आराखडा परत केला.

खुद्द स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने टोपणनावाने लिहिलेल्या कथेवरून १९४२ साली आलेल्या चित्रपटाचे नावच 'राथा', म्हणजे वंश, आहे. तेथे हा शब्द राष्ट्राच्या परंपरेसाठी येतो, त्वचेच्या रंगासाठी नाही, असे सर म्हणत आणि ते खरेही आहे. पण त्या परंपरेत कोण बसतो आणि कोण बसत नाही, हे ठरवणारा शब्द निरुपद्रवी कसा? महायुद्धानंतर हवा बदलल्यावर याच चित्रपटातील फॅसिस्ट सलाम कापून तो १९५० साली नव्या नावाने पुन्हा आणला गेला, तेव्हाही नावातील 'राथा' मात्र कोणी कापला नाही. सरांना हे त्या दिवशी सांगायला हवे होते. मी गप्प बसले आणि एका कादंबरीतील प्रतिमांवर प्रबंधिका लिहून मोकळी झाले, याची खंत आजही आहे. म्हणून तुमच्या आराखड्याच्या शीर्षकात 'वंश' हाच शब्द ठेवा, आणि मार्गदर्शक तो खोडत असतील तर मार्गदर्शक बदला.

अर्थात भारतात स्पॅनिशच्या कायम जागा मोजक्याच आहेत आणि तेथे बहुतेक तासिका व्याकरणाच्या व भाषांतराच्या असतात, हे धरून चाला. शिवाय चित्रपट उपशीर्षकांशिवाय समजेपर्यंत आराखडा कोणाकडेही देऊ नका.