क्षमा केली, तरी राग का येतो?

प्रश्न: माझा विश्वासघात करणाऱ्या भावाला मी प्रार्थनेत अनेकदा क्षमा केली, तरीही राग पुन्हा उफाळून येतो. माझी क्षमा खोटी आहे का?

उत्तर: मुळीच नाही. सात वेळा क्षमा करावी काय, असे येशूचा शिष्य पेत्र याने विचारले, तेव्हा येशूने साताच्या सत्तर वेळा असे उत्तर दिले (बायबल, मत्तय 18:21-22). माझ्या समजुतीप्रमाणे हे केवळ नव्या अपराधांना नव्हे, तर एकाच जुन्या जखमेच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या आठवणीलाही लागू पडते. क्षमा म्हणजे सूड देवावर सोपवणे (रोमकरांस 12:19), अपराध घडलाच नाही असे मानणे नव्हे. समेटासाठी मात्र भावाचा पश्चात्ताप हवा, आणि तो दिसेपर्यंत आपण अंतर राखले तरी आपली क्षमा उणी ठरत नाही. राग दाटून येईल तेव्हा भावाचे नाव घेऊन प्रार्थना करावी.