पुण्यातल्या चार वर्षांचं टोरोंटोत काय होतं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. बी.ई. सिव्हिल आणि पुण्यात बिल्डरकडे काढलेली चार वर्षं, याला टोरोंटोत किती किंमत, असं तू विचारलंस. मुळात किंमत करणारे इथे तीन वेगवेगळे आहेत, आणि एकाने केलेली किंमत दुसऱ्यावर बंधनकारक नाही. एजंट नेमकं हेच सांगत नाहीत.

पहिलं इमिग्रेशन खातं. त्यांना डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून पदवीचं मूल्यमापन लागतं. तुझी बी.ई. इथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरली जाईल, तुझ्या भावाचं बी.कॉम. तीन वर्षांच्या पदवीइतकं. हा रिपोर्ट 5 वर्षं चालतो. पण तो हातात पडला म्हणजे डिग्री मान्य झाली, असं समजून नाचू नकोस. आमच्या फर्ममध्ये मी मुलाखती घेते. तो कागद मी कधी कुणाकडे मागितलेला नाही. आणि अनुभवाचं म्हणशील तर सरकारचं गणितही बघ. एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे कायम राहायला येणाऱ्यांना गुणांवर निवडायच्या पद्धतीत, भारतातल्या अनुभवाला स्वतंत्र गुणच नाहीत. चांगली भाषा किंवा कॅनडातला अनुभव जोडीला असेल तरच मिळतात, तेही जास्तीत जास्त 50. कॅनडातल्या अनुभवाला मात्र एकट्या उमेदवाराला 80 पर्यंत.

दुसरी पीईओ, म्हणजे ओंटारिओतली इंजिनिअरांना परवाना देणारी संस्था. परवाना नसेल तर इथे स्वतःला 'प्रोफेशनल इंजिनिअर' म्हणवता येत नाही. पूर्वी त्यांना 12 महिन्यांचा कॅनडातला अनुभव लागायचा, ती अट मे 2023 मध्ये गेली. आता एकूण 48 महिन्यांचा अनुभव लागतो, तो कुठलाही चालतो, पण 34 वेगवेगळ्या कौशल्यांवर आपण नेमकं काय केलं ते लिहून द्यावं लागतं आणि ज्याच्या हाताखाली केलं त्याने ते खरं म्हणावं लागतं. शिवाय परीक्षा आहेतच. वेळखाऊ काम आहे, पण तुझ्या आवाक्यातलं.

खरी गाठ तिसऱ्याशी, म्हणजे नोकरी देणाऱ्याशी.

टोरोंटो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी टोरोंटो परिसरातल्या नोकऱ्यांना हजारो बनावट अर्ज पाठवून पाहिले. इंग्रजी नाव, शिक्षण आणि अनुभव कॅनडातला, अशा अर्जांपैकी 16 टक्क्यांना बोलावणं आलं. भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नाव आणि सगळं बाहेरचं, त्यांना 5 टक्के. ब्रिटनहून आलेल्यांना मात्र काही फरक पडला नाही! म्हणजे 'परदेशी अनुभव' ही अडचण सगळ्या परदेशांना सारखी नाही. याला भेदभाव म्हणायचं, गोडगोड बोलून झाकायचं नाही. 1 जानेवारी 2026 पासून ओंटारिओत 25 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहिरातीत 'कॅनडातला अनुभव हवा' असं लिहिता येत नाही. जाहिरातीतून गेलं, मनातून जायला वेळ लागेल.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुझ्या जास्त कामाची. मालक कॅनडातल्या अनुभवाला जेवढा भाव देतात, त्याच्या कितीतरी कमी कॅनडातल्या शिक्षणाला देतात. तेव्हा वडिलांचे 15-20 लाख घालून कुठल्याशा कॉलेजचं एक वर्षाचं सर्टिफिकेट घ्यायचा बेत असेल तर आधी एकच विचार: त्यात को-ऑप आहे का, म्हणजे मधे काही महिने पगारी काम मिळतं का? नसेल तर नको. शिक्का मिळेल, नोकरी मिळेलच असं नाही.

आता दुसरी बाजू, कारण सगळाच भेदभाव आहे असंही नाही. टोरोंटोत पाया सुमारे 1.2 मीटर खाली न्यावा लागतो, नाहीतर थंडीत जमीन गोठून फुगते आणि पाया उचलते. पुण्यात हा प्रश्नच नाही. मालकाला धास्ती असते ती याची, की या मुलीला नेमकं काय माहीत नाही, हे आपल्यालाच माहीत नाही. पण तू सोलापूरकडची. काळ्या मातीत पाया घालताना काय काय करावं लागतं ते तू साईटवर पाहिलंयस. रेजायना आणि विनिपेग या शहरांखालची चिकणमाती अशीच ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तिथल्या फर्मला अर्ज करताना हे पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे. तुझा अनुभव कॅनडाला नको असेल असं गृहीत धरून बसू नकोस. कुठल्या गावाला हवाय ते शोध.

तू पाठवलेला रेझ्युमे वाचला. 'साईट इंजिनिअर म्हणून सर्व जबाबदाऱ्या यशस्वीरीत्या पार पाडल्या.' यातून मला काही कळत नाही, इथल्या माणसाला तर त्याहून नाही. इमारत किती मजली होती? स्लॅब टाकायच्या आधी सळई कोण तपासायचं, तू की कन्सल्टंट? बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळया किती आणि कशा वाकवायच्या त्याचा तक्ता, तू काढायचीस का? मेजरमेंट घेऊन आर.ए. बिल, म्हणजे झालेल्या कामाचं चालू बिल, कोण बनवायचं? हे लिही. आणि 'एम-30 काँक्रीट' असं नुसतं लिहू नकोस. ताकद तपासायला आपल्याकडे काँक्रीटचा 150 मिलिमीटरचा क्यूब फोडतात, इथे सिलिंडर, आणि एम-30 मधला 30 हा क्यूबच्या ताकदीचा आकडा. त्याच काँक्रीटचा सिलिंडर साधारण 20 टक्के कमी ताकद दाखवतो, म्हणजे तुझं 30 इथे 24-25 च्या घरात. कंसात एवढं लिहिलंस की वाचणाऱ्याला कळतं, पोरीला दोन्हीकडची पद्धत माहीत आहे. काँक्रीट डिझाईनच्या आपल्या नियमांच्या, म्हणजे आयएस 456 च्या, शेजारी इथले नियम, सीएसए ए23.3, वाचायला आत्तापासूनच घे. दोन्हींत एकच बीम डिझाईन करून बघ. आकडे का वेगळे आले हे मुलाखतीत सांगता आलं पाहिजे.

शेवटचं, कागदांचं. एचआरचं रिलीव्हिंग लेटर ('वर्तणूक समाधानकारक') इथे कोणाला उपयोगाचं नाही. लेटरहेडवर, हुद्दा, पगार, आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष केलेली कामं असं पत्र हवं. ते इमिग्रेशनला लागतं. त्याशिवाय ज्यांच्या हाताखाली काम केलंस त्या सरांचा चालू मोबाईल नंबर आणि ईमेल हवा. आम्ही खरंच फोन करतो, आणि तो कोणी उचलला नाही तर चार वर्षं कागदावरच राहतात. सर पुढे नोकरी बदलतील, बिल्डरचं ऑफिस हलेल. म्हणून राजीनाम्याच्या आधीच सरांशी बोल. इंग्रजीत बोलायला संकोचत असतील तर एकदा तुमच्या दोघांची तालीम होऊ दे.

विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्जही याच आठवड्यात टाक. रेझ्युमे नवा लिहून पाठव, खाडाखोड मी करते.

तुझी,
आईची मैत्रीण