फोटो नसेल तर फॅलरोपची नोंद करावी का?

तुम्ही विचारलंय की जानेवारीच्या पाणपक्षी गणनेत भांडूपच्या पंपिंग स्टेशनजवळच्या तळ्यात एक चिमुकला पक्षी गरगर फिरत पोहताना दिसला, लाल मानेचा फॅलरोप वाटला, पण फोटो मिळाला नाही. तर नोंद करावी का?

जरूर करा. फक्त पक्ष्याचं नाव शेवटी लिहा, आधी जे दिसलं ते लिहा.

हे मी अनुभवातून सांगतोय. काही वर्षांपूर्वी मी याच भागात छाती ठोकून फॅलरोप लिहिला होता. गटातल्या एका ज्येष्ठ काकांनी शांतपणे विचारलं, "डोळ्यामागे काळा पट्टा होता का?" मला आठवेना. मी पक्षी पाहिल्या पाहिल्या पुस्तक उघडलं होतं आणि त्यानंतर डोळ्यांसमोर राहिलं ते पुस्तकातलं चित्र. तो बहुधा मार्श सँडपायपर होता. त्याचीही चोच सुईसारखी, अंग फिकट, आणि पाणी खोल झालं की तोही थोडा पोहतो. पण त्याचे पाय लांब, हिरवट असतात आणि तो आकाराने मोठा असतो. हिवाळ्यातल्या फॅलरोपच्या डोळ्यामागे ठसठशीत काळा पट्टा असतो. तो पोहता पोहता गिरक्या घेतो. त्यामुळे पाण्यात छोटा भोवरा तयार होऊन खालचे बारीक जीव वर येतात आणि तो ते पटापट टिपतो. तुम्ही ‘गरगर’ म्हणालात, म्हणूनच मला तुमची नोंद मोलाची वाटते.

हा पक्षी वीण करतो आर्क्टिकच्या टुंड्रात आणि थंडी काढतो अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून लांब. खाडीत किंवा मिठागरात एखादाच उतरतो, म्हणून मुंबईतली प्रत्येक नोंद तपासली जाणारच.

आज रात्रीच लिहून ठेवा: वेळ, भरती होती की ओहोटी, ऊन कुठल्या बाजूने होतं, किती अंतरावरून आणि किती वेळ पाहिलात, शेजारच्या शेकाट्या पक्ष्याच्या मानाने केवढा होता, पाय दिसले का. जे दिसलं नाही तेही लिहा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलीत तर स्वयंसेवक तपासनीस प्रश्न विचारेल. त्याचा राग मानू नका. नोंद मान्य झाली नाही तरी ती तुमच्या यादीत राहतेच. खात्री होत नसेल तर ‘फॅलरोप, जात अनिश्चित’ असं लिहिणंही प्रामाणिकच आहे.

आणि जमलं तर उद्याच, भरतीच्या तासभर आधी पुन्हा त्याच तळ्यावर जा. खाडीतला चिखल पाण्याखाली जाऊ लागला की वेडर मंडळी, म्हणजे चिखलात चरणारे पक्षी, तळ्यांकडे सरकतात. सोबत कॅमेरा असलेलं कुणी तरी न्या.