कॅपॅसिटर बसवूनही वीजबिल कमी होत नाही आणि कॅपॅसिटर फुगतात, असं का?

दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी बिल. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल 2020 पासून केव्हीएएच (कामाच्या विजेसोबत रिअॅक्टिव्ह वीजही धरणारं एकक) प्रमाणे बिल येतं. त्यात लॅगिंग (मोटरसारख्या लोडमुळे करंट व्होल्टेजच्या मागे पडणं) जितकं महाग, तितकंच लीडिंगही (कॅपॅसिटर जास्त झाल्याने करंट पुढे जाणं). रात्री मशीन बंद आणि फिक्स (कायम जोडलेले) कॅपॅसिटर मात्र चालू, म्हणजे लीडिंग, हा प्रकार मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय. मीटरचा लोड सर्व्हे (मीटरमध्ये साठलेली वेळेनुसार नोंद) काढा, रात्री 11 ते सकाळी 6 चा पॉवर फॅक्टर (एकूण घेतलेल्या पॉवरपैकी कामाला आलेला वाटा) बघा, लगेच कळेल. उपाय: एपीएफसी पॅनेल (लोडप्रमाणे कॅपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारं) आणि त्यात कॅपॅसिटरच्या लहान स्टेपही हव्यात. 200 किलोवॉटच्या लोडचा पॉवर फॅक्टर 0.80 वरून 0.98 वर न्यायला साधारण 110 केव्हीएआर (कॅपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक) लागतात. मागणी 250 केव्हीए (एकूण पॉवर) वरून 204 वर येते.

आता फुगणं. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) किती आहेत? सहा पल्सचे ड्राइव्ह पाचवा आणि सातवा हार्मोनिक (50 हर्ट्झच्या पटीतले नको असलेले करंट) सोडतात, म्हणजे 250 आणि 350 हर्ट्झ. नुसता कॅपॅसिटर ट्रान्सफॉर्मरच्या इंडक्टन्सशी त्याच आसपास रेझोनन्समध्ये (दोघं मिळून ती फ्रिक्वेन्सी वाढवतात त्या स्थितीत) गेला, की करंट वाढून तो तापतो. मग इलेक्ट्रिशियन नवा कॅपॅसिटर टाकतो, तोही जातो. 7 टक्के डीट्यून्ड रिअॅक्टर (कॅपॅसिटरच्या सिरीजमध्ये लावायची कॉइल) लावला की दोघांची ट्यूनिंग फ्रिक्वेन्सी 189 हर्ट्झवर येते, पाचव्याच्या खाली. फक्त रिअॅक्टरमुळे कॅपॅसिटरवरचा व्होल्टेज वाढतो, म्हणून जुने 440 व्होल्टचे तसेच ठेवू नका. 525 चे घ्या. आणि खरेदीआधी हार्मोनिक्स मोजून घ्या, पॅनेलवाल्याच्या अंदाजावर नको.