पोस्ट उडवली, आता काय करू?

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच होता: छोटा धंदा आहे, ऑनलाइन ग्रुपवर त्याबद्दल सांगायचंय, पण सांगायला गेलं की लोक अंगावर येतात. त्यातले चार प्रश्न इथे घेतलेत.

प्रश्न: ताई, मी हाताने वह्या बांधून विकते. फाउंटन पेन वापरणाऱ्यांच्या एका मोठ्या ग्रुपला जॉइन झाले आणि दुसऱ्याच दिवशी वह्यांचे फोटो आणि लिंक टाकली. अर्ध्या तासात पोस्ट गायब, वर 'सेल्फ प्रमोशन चालत नाही' असा मेसेज. पण तिथे बाकीचे लोक आपापल्या वस्तूंबद्दल बिनधास्त बोलतात. मग माझंच काय चुकलं?

उत्तर: वह्या दाखवल्या यात काही चुकलं नाही, तुम्ही कोण हे कुणाला कळायच्या आत दाखवल्या तिथे गडबड झाली. मी स्वतः एका छंदाच्या ग्रुपची मॉडरेटर, म्हणजे तिथल्या पोस्टवर लक्ष ठेवणारी, आहे त्यामुळे पलीकडच्या बाजूला काय होतं ते सांगते. कुणीतरी पोस्ट रिपोर्ट करतं, मी उघडते, फोटो छान असतात, पण मी फोटो बघत बसत नाही, आधी नावावर टॅप करते. अकाउंट कालचं, कमेंट शून्य, पहिलीच पोस्ट म्हणजे दुकानाची लिंक. एवढं दिसलं की पोस्ट उडते, आणि खरं सांगते, ती वही किती मेहनतीने शिवली असेल हे त्या दहा सेकंदात माझ्यापर्यंत पोचतच नाही, याचं मला वाईटही वाटतं. तेच एखादा जुना मेंबर, जो वर्षभर लोकांना निब कशी साफ करायची ते सांगतोय, तो म्हणाला की 'मी एक पेनस्टँड बनवलाय, बघा', तर लोक स्वतःहून विचारतात, कुठे मिळेल?

तर आता एक महिना विकायचं विसरा आणि जे तुम्हाला येतं ते बोला. त्या ग्रुपमध्ये हा प्रश्न हमखास येत असणार: 'माझ्या वहीत शाई फुटते, जास्त जीएसएमचा कागद घेऊ का?' आणि खाली सगळे हो हो म्हणणार. पण तुम्ही रोज कागद हाताळता, तुम्हाला माहितीये की जीएसएम म्हणजे फक्त एक चौरस मीटर कागदाचं वजन, शाई फुटणार की नाही ते बरंचसं सायझिंगवर ठरतं, म्हणजे कागद बनवताना स्टार्चसारखा जो पदार्थ घालतात त्यावर. टोमोए रिव्हर नावाचा जपानी कागद ५२ जीएसएमचा, हातात घेतला तर पलीकडचं दिसेल इतका पातळ, आणि तरी फाउंटन पेनवाले त्यावर जीव टाकतात. हे लिहा, सोबत दोन कागदांवर एकाच पेनाने एकच ओळ लिहून फोटो टाका, आणि लिंक अजिबात देऊ नका. विचारणाऱ्याचं काम झालं आणि तुम्हाला कागदातलं कळतं हे बाकीच्यांनीही वाचलं. असं दहा-पंधरा वेळा झालं की लोक तुमचं प्रोफाइल उघडून बघतातच, तिथे मात्र दुकानाचं नाव आणि लिंक व्यवस्थित असू द्या, ती जागा त्यासाठीच असते.

रेडिट या चर्चेच्या साइटवर पूर्वी एक ढोबळ हिशोब सांगायचे की दहा पोस्टमधली फार तर एक स्वतःच्या मालाची असावी. मला तो आकडा ठीक वाटतो पण मोजत बसू नका, कारण नऊ वेळा नुसतं 'मस्त', 'सुंदर' असं लिहून दहाव्यांदा लिंक टाकणारेही आम्ही पाहिलेत आणि ते लगेच कळतं.

अजून एक, ग्रुपच्या वर पिन केलेले नियम आधी नीट वाचा. रेडिटवर तर प्रत्येक सबरेडिटचे, म्हणजे तिथल्या प्रत्येक ग्रुपचे, नियम वेगळे, एकीकडे चालतं ते दुसरीकडे चालत नाही. काही ठिकाणी विक्रेत्यांसाठी आठवड्यातून एकदा वेगळा थ्रेड, म्हणजे एक पोस्ट आणि तिच्याखालच्या कमेंटची साखळी, असतो. नियम गोलमोल वाटला तर पोस्ट टाकायच्या आधी मॉडरेटरला मेसेज करा: 'मी वह्या बनवते, अशी अशी पोस्ट टाकायचीय, चालेल का?' असं विचारणारे फार कमी असतात, म्हणून आम्हाला ते लक्षात राहतात. आणि ज्याने पोस्ट उडवली त्यालाही एक साधा मेसेज टाका, नियम वाचला नव्हता, सॉरी, एवढाच. भांडू नका.

प्रश्न: माझा भाऊ म्हणतो दुसरं अकाउंट काढ, त्यावरून 'चांगल्या वस्तू कुठे मिळतील?' असं विचार आणि पहिल्या अकाउंटवरून आपलंच नाव सांग. सगळेच करतात म्हणे. करू का?

उत्तर: नको. अगदी नको. सगळे करत नाहीत, आणि जे करतात त्यांचं बिंग फुटतं. नवं अकाउंट प्रश्न विचारतं, पाच मिनिटांत उत्तर येतं, दोन्हीकडे तीच स्पेलिंगची चूक आणि तीच वाक्याची ढब, हे सांगायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही, जुने मेंबर नुसतं वाचून ओळखतात. प्लॅटफॉर्मकडेही अकाउंट कुठून उघडलं, कुणी कुणाला मत दिलं याच्या नोंदी असतात. अमेरिकेत तर खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा केंद्रीय नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे, दंडासकट. पण मला दंडापेक्षा दुसरं महत्त्वाचं वाटतं: एकदा स्क्रीनशॉट फिरला की तुमच्या खऱ्या गिऱ्हाइकाने मनापासून केलेलं कौतुकसुद्धा लोकांना पेरलेलं वाटायला लागतं आणि ते पुसता येत नाही.

त्यापेक्षा उघड सांगा. 'मी हे बनवते, त्यामुळे माझं मत एका बाजूचं असणार, पण तुमच्या कामाला हे बसेल असं वाटतं', एवढं वाक्य पहिल्याच ओळीत टाका. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर तर नियमच आहे की स्वतःच्या प्रॉडक्टबद्दल सांगताना आपलं नातं सांगायचं. आणि समोरच्याला दुसऱ्याचा माल जास्त योग्य असेल तर तोच सुचवा. जीवावर येतं मान्य, पण असं दोनदा करा, तिसऱ्या वेळी तुम्ही स्वतःचं नाव घेतलंत तर लोक विश्वास ठेवतात.

प्रश्न: वेगवेगळ्या पन्नास ग्रुपवर लिंक टाकली तर गुगलमध्ये वर येईन ना?

उत्तर: नाही. अशा लिंकांवर बहुतेक ठिकाणी नोफॉलो लागलेलं असतं, ही लिंक रँकिंगसाठी मोजू नका असं गुगलला सांगणारी ती खूण २००५ मध्येच आली, आणि आली ती कमेंटमधल्या स्पॅममुळेच. आणि पन्नास ठिकाणी एकच मजकूर टाकायचं म्हणाल तर ते एप्रिल १९९४ मध्ये कँटर आणि सीगल या अमेरिकन वकील जोडप्याने करून पाहिलंय. यूजनेट या तेव्हाच्या ऑनलाइन चर्चेच्या जाळ्यावरच्या हजारो ग्रुपमध्ये त्यांनी ग्रीन कार्ड लॉटरीची (अमेरिकेत कायम राहायच्या परवान्याच्या सोडतीची) एकच जाहिरात टाकली, विषयाशी संबंध असो नसो, आणि उलट इतके संतापलेले मेल आले की इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर बंद पडला आणि तिने त्यांचं अकाउंटच काढून टाकलं. दोन ग्रुप निवडा, तिथे टिका.

प्रश्न: एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की माझ्याकडून घेतलेली वस्तू आठवड्यात तुटली. खाली तीस कमेंट आल्यात. मी काही बोलू का गप्प राहू?

उत्तर: बोला, पण लगेच नको, आधी तासभर फोन बाजूला ठेवा. मग एकच कमेंट लिहा, तीही उघडपणे विक्रेता म्हणून: 'ही वस्तू मी बनवलीय. तुटली याचं वाईट वाटतंय. ऑर्डर कधीची ते मेसेजमध्ये सांगा, बदलून देते किंवा पैसे परत करते.' गिऱ्हाईक चुकीचं वापरत होतं असं वाटत असलं तरी ते तिथे लिहू नका. ओळखीच्यांना बाजू घ्यायला तर मुळीच बोलावू नका, अचानक चार नवी नावं येऊन कौतुक करायला लागली की त्या तीस कमेंटच्या तीनशे होतात. पोस्ट काढून टाका असंही म्हणू नका. प्रकरण मिटलं की त्याच थ्रेडमध्ये परत जाऊन काय झालं ते दोन ओळीत लिहा, जोड कुठे कच्चा होता आणि आता तो कसा बदललाय ते सांगा, शक्य असेल तर फोटो लावा. तो थ्रेड पुढची कित्येक वर्षं तुमचं नाव शोधणाऱ्याला सापडणार आहे, आणि तो शेवटच्या कमेंटपर्यंत वाचेल.