आयबीटी शिकवायला नव्याने आलेल्या सरांसाठी

सर, आठवी-नववीची आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा विषय) तुमच्याकडे आली असेल, तर आधी गावातलं खरं काम शोधा. शास्त्रज्ञ डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करता करता शिकण्यासाठीच. नुसता नमुना बनवला की तो कपाटात धूळ खातो.

अंगणवाडीला स्टूल हवंय? माप आणायला मुलांनाच पाठवा. मग खर्च काढायला लावा: लोखंडी अँगलचं वजन गुणिले किलोचा दर, वेल्डिंग रॉड, रंग, वीज आणि मजुरी. मजुरी हमखास सुटते. "आपणच केलं ना सर!" म्हणतात. तिथे अडून बसा, हिशेब पुरा झाल्याशिवाय वहीवर सही नाही.

वेल्डिंगला काळी काच, चामडी हातमोजे, सुती कपडे, बूट. यात तडजोड नको. आधी जागोजागी छोटे टाके मारून गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावायचा, मग पूर्ण वेल्ड. नाहीतर तापून स्टूलचा पाय ओढला जातो, वाकडा होतो.

मुलींना गृह-आरोग्यात आणि मुलांना अभियांत्रिकीत बसवायचा मोह टाळा. ऊर्जा-पर्यावरण आणि शेती-पशुपालन धरून चारही विभाग सगळ्यांनाच.

हत्यारांची नोंदवही मात्र पहिल्याच दिवशी घाला. नट-बोल्टचे पाने (स्पॅनर) फार लवकर गायब होतात.